एकाच आकड्याचे दोन डबे

टॅमरॅक खोऱ्यात कुणालाही विचारा, काडतुसं कुणाची चांगली, तर उत्तर एकच मिळायचं: डेलमरची. दुकानातली तयार काडतुसं शहरातल्या लोकांनी घ्यायची, ज्यांना ऑक्टोबरात डोंगरावर येऊन नवं जॅकेट मिरवायचं असतं. खोऱ्यातला माणूस उडवलेल्या काडतुसांचं रिकामं पितळ पिशवीत भरायचा, डेलमर टोलफसनच्या घरी टाकायचा आणि आठवड्याभरानं तेच पितळ नव्यानं भरून घेऊन जायचा. बदल्यात कुणी सरपण फोडून द्यायचा, कुणी हरणाच्या मांसाचं सॉसेज. आणि जाताना डेलमरच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुझ्या हातात काहीतरी आहे, बाबा."

हे सगळं धादांत खोटं होतं. डेलमरच्या हातात काही नव्हतं. तीस वर्षांत त्यानं कुणासाठी एक काडतूस भरलं नव्हतं. भरायची ती त्याची बायको, व्हर्ना. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी करून आल्यावर, पाय सुजलेले असताना. हे मी आज सांगतो आहे, कारण तेव्हा खोऱ्यात कुणी सांगितलं नाही. ठाऊकच कुणाला नव्हतं. आणि ज्याला ठाऊक होतं तो पाठीवरच्या थापा खात गप्प उभा राहायचा.

व्हर्नाला हे काम तिच्या बापानं शिकवलं. खरं तर तो मुलाला शिकवायला बसला होता, पण मुलाचं बूड पाच मिनिटं खुर्चीला टेकेना. व्हर्ना शेजारी बसून बघत होती. बापानं तिला सांगितलं, "बंदुकीची दारू म्हणजे चुलीतलं लाकूड समज. काटक्या भर्रकन पेटून जातात, ओंडका सावकाश जळतो. पिस्तुलात काटक्या लागतात. मोठ्या रायफलीत, जड गोळीमागे, ओंडका लागतो. ओंडक्याच्या वजनाइतक्या काटक्या एकदम पेटवल्यास, तर चूल फुटेल. बाकी सगळी अक्कल याच्यापुढची."

याच्यापुढची अक्कल व्हर्नानं स्वतः मिळवली. गोळी किती वजनाची, नळी किती लांब, पितळाच्या पोटात जागा किती, शिकारी कडाक्याच्या थंडीत जाणार की उन्हात, एवढं सगळं कळल्याखेरीज ती दारूच्या डब्याचं झाकण उघडत नसे. कंपन्यांची पुस्तकं तिनं पाठ केली होती, पण पुस्तकात जास्तीत जास्त म्हणून जो आकडा छापलेला असतो तिथून ती कधी सुरुवात करत नसे. खालून चढायची, थोडं थोडं. रविवारी चर्चमधून आल्यावर खडीच्या खाणीत जाऊन कागदावर पाच-पाच गोळ्या झाडायची, भोकांमधलं अंतर शिवणाच्या टेपनं मोजायची. मग उडवलेलं एकेक पितळ भिंगाखाली धरायची. पितळ खोटं बोलत नाही. दाब जास्त झाला असेल तर बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी चपटी होते, कडेला चकाकता डाग पडतो. अशी खूण दिसली की ती मागे यायची, आणि मगच वहीत लिहायची. वहीत प्रत्येक रायफलीचं एक पान होतं. दारूचा आकडा, वजन, गोळी, तारीख. भरलेल्या प्रत्येक खेपेतली पाच काडतुसं ती डब्यात चिठ्ठी घालून मागे ठेवायची, कधी काही बिघडलंच तर ताडून बघायला.

मग नाव डेलमरचं कसं झालं? अगदी साध्या रीतीनं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं भरलेलं एक खोकं त्यानं लाकूड गिरणीतल्या दोस्ताला दिलं. दोस्तानं एका गोळीत एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, पाडलं. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर डेलमरला म्हणाला, "काय भरतोस रे, राजा." आणि डेलमर नुसता हसला. घरी येऊन त्यानं व्हर्नाला हे सांगितलंसुद्धा, गंमत म्हणून. तीही हसली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि नवरा तिला आवडत होता. पुढे लोक यायला लागले. डेलमर दारात उभा राहून त्यांचं ऐकून घ्यायचा, दाढी खाजवायचा आणि आत येऊन तिला विचारायचा. एकदा, दोनदा ती म्हणाली, "अरे, सांगत जा ना त्यांना." तो म्हणाला, "सांगेन गं, योग्य वेळ आली की." त्या योग्य वेळेची वाट बघण्यात तिचे केस पांढरे झाले. शेवटी तिनं म्हणणं सोडलं. राग मात्र सोडला नाही. तो तिनं आपल्यापाशी ठेवला.

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात व्हर्नाच्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. व्हर्ना तीन आठवडे स्पोकेनला जाऊन राहिली. परत आली ती गुरुवारी. शनिवारी एल्कचा हंगाम उघडणार होता.

शुक्रवारी सकाळी ती ओट्याशी बटाटे सोलत असताना वेन्डेल आला. पलीकडच्या गुरांच्या वाडीवरचा हा तिशीतला गडी, अंगानं दांडगा, डोक्यानं बेतास बात. त्यानं खिशातून सहा रिकामी पितळं काढून टेबलावर ठेवली.

"डेलमर कुठाय?"

"गिरणीत. दुपारी येईल."

"त्याला सांग, यंदाची काडतुसं म्हणजे तोफ आहे तोफ. नेम बघायला सहा उडवली. बोल्ट उघडेना, शेवटी बुटाची टाच मारून उघडला." एवढं सांगून तो समाधानानं हसला. "मानलं बुवा आपण. म्हातारा झाला तरी हात हलका झाला नाही गड्याचा."

व्हर्नानं सुरी खाली ठेवली. हात पुसून एक पितळ उचललं आणि बूड उजेडाकडे फिरवलं. टोपी रेल्वेखाली ठेवलेल्या नाण्यासारखी चपटी झाली होती. कडेला चकाकता डाग. दुसरं उचललं, तेच. तिसऱ्याची टोपी जागेवर नव्हतीच, तिथं नुसतं काळं भोक होतं.

"ही कुणी भरली?"

"म्हणजे काय? डेलमरनं. कुणी भरणार दुसरं?"

"उरलेली चौदा कुठायत?"

"गाडीत."

"आण."

"का? मी काय म्हणतो, त्याला येऊ दे की. त्याला विचारून..."

"वेन्डेल," ती म्हणाली, "तुझा उजवा डोळा तुला हवाय का?"

वेन्डेल गाडीकडे गेला आणि खोकं घेऊन आला. तिनं ते उघडून मोजलं. चौदा.

"याच खेपेची आणखी कुणाला दिलीयत त्यानं?"

"एल्डनला वीस. आमच्या दोघांच्या रायफलीचं माप एकच ना. तो बुधवारीच वर गेला, कॅम्प लावायला."

एल्डनचं नाव ऐकून व्हर्ना ओट्याला टेकून उभी राहिली. वेन्डेलची रायफल चार वर्षांपूर्वीची, मजबूत पोलादाची. तिनं सहा वेळा मार खाल्ला आणि निभावलं. एल्डनची रायफल त्याच्या बापानं युद्धाआधी घेतलेली. नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, बंद केला तरी किंचित डुलायचा, त्याचं पोलाद आतून झिजलेलं. व्हर्नानं हे बावीस वर्षांपूर्वी एल्डनच्या पितळावरूनच ओळखलं होतं. डेलमरला ती म्हणाली होती, त्याला सांग, ही दुरुस्तीला टाक. डेलमरनं सांगितलं की नाही, देव जाणे. मग तिनं आपल्या परीनं एक केलं: एल्डनच्या पानावर दारूचं वजन कायम हात राखून लिहिलं. बावीस वर्षं त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापासून चार इंचांवर जो स्फोट व्हायचा, तो तिनं मापात ठेवला होता.

ती मागच्या खोलीत गेली. टेबलावर तिची वही उघडी पडली होती, वेन्डेलच्या पानावर. एल्डनच्या काडतुसांसाठी त्याचं पान उलटलेलंसुद्धा नव्हतं. कचऱ्याच्या टोपलीत तिचा नेहमीचा निळा डबा होता, रिकामा. आणि टेबलावर एक नवा लाल डबा. त्यावर तोच चार आकडी नंबर, पण दुसऱ्या कंपनीचा.

या धंद्यातल्या कोणाही जाणत्या माणसाला इथं घाम फुटेल. त्या नंबराची दारू दोन कंपन्या काढतात. निळ्या डब्यातली सावकाश जळते, लाल डब्यातली तिच्यापेक्षा लवकर. निळ्याचं वजन लालचं घातलं, तर आत काय होतं ते टेबलावरच्या पितळांनी सांगितलंच होतं. निळा संपला, दुकानात निळा नव्हता, डेलमरनं आकडा बघितला आणि लाल आणला. बटाटे आणावेत तसा.

व्हर्नानं वहीतलं पान पुन्हा वाचलं आणि तिचा राग दुप्पट झाला, कारण आता त्यातला थोडा स्वतःवरचा होता. पानावर तिच्याच अक्षरात नुसता आकडा होता. कंपनी लिहिलेली नव्हती. घरात लाल डबा कधी आलाच नव्हता, आणि वही वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मग कुणासाठी लिहायची?

दुपारी गिरणी सुटली. डेलमर दारात बूट काढत असतानाच तिनं सहा पितळं त्याच्या पुढ्यात धरली.

"हे काय आहे?"

त्यानं बघितलं. बघून त्याला काही कळलं नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तीस वर्षं ज्याच्या नावानं खोरं वाहवा करत होतं त्याला चपटी टोपी ओळखता येत नव्हती.

"वेन्डेलची ना? बसली का नेमाला?"

"लाल डबा तू आणलास."

"हो. निळा नव्हता. नंबर तोच आहे."

"नंबर तोच आहे," व्हर्ना म्हणाली. "डेलमर, आपल्या गल्लीत दोघांचं नाव मर्ल आहे. तू त्यातल्या कुणालाही घरात घेशील का?"

मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. डेलमर ऐकता ऐकता खुर्चीत बसला. एल्डनच्या रायफलीचं आलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. पण त्या पांढऱ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा:

"तू कंपनी लिहिली नव्हतीस."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आत्ता आपण हातातलं पितळ याच्या डोक्यात घालू. घातलं नाही, एवढंच.

"नव्हती लिहिली," ती म्हणाली. "ती माझी चूक. आता कोट घाल."

"अगं पण तुझी वाट किती बघायची? एल्डन दारात आला, हंगाम आठवड्यावर. मी काय सांगणार होतो त्याला?"

"सांगायचं होतंस, बायको गावाला गेलीय."

डेलमर उठला. तो कोट शोधायला गेला. व्हर्नानं कपाटातून चिठ्ठी लावलेली डबी काढली, एल्डनच्या मागच्या वर्षीच्या खेपेतली पाच काडतुसं कागदात गुंडाळून खिशात टाकली आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या. गाडी तिनंच चालवली.

लाकडाच्या ट्रकांचा तो रस्ता बारा मैल वर चढतो. अर्धी वाट चढून झाली. मग डेलमर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आपण असं सांगू. टोप्यांचा माल खराब निघाला. कंपनीचा दोष. तो काय नाही म्हणणार आहे? खोकं देऊन टाकेल, मी पुढच्या आठवड्यात... आपण पुढच्या आठवड्यात दुसरं देऊ."

"तू काय सांगायचं ते सांग. मला वीस काडतुसं हातात हवीत."

"तुला काय, सगळ्यांसमोर माझं हसं करायचंय का?"

"डेलमर, मला तुझं काहीच करायचं नाहीय. मला त्या म्हाताऱ्याचं डोकं धडावर बघायचंय."

रस्ता संपला तिथं गाडी ठेवून ती दोघं ओढ्याकाठानं वर निघाली. वीतभर बर्फ होतं. व्हर्नाचा डावा गुडघा कुरकुरत होता आणि नवरा चार पावलं पुढे चालत होता, कारण सगळं आयुष्य तो चार पावलं पुढेच चालला होता. तिला प्रत्येक पावलागणिक त्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं. हा माणूस दुष्ट नाही, हे तिला कळत होतं. दुष्ट असता तर सोडून जाणं सोपं होतं. तो नुसता प्रत्येक वेळी सोपं तेवढं करत आला होता, आणि अवघड तेवढं मागच्या खोलीत साठत गेलं होतं.

तीनच्या सुमाराला झाडांमधून तंबू दिसला. धूर निघत होता. एल्डन ब्रॅटलीन चुलाण्यापुढे बीन्सचं पातेलं ढवळत बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, काटकुळा, कानावर लोकरी टोपी ओढलेली. त्याचा मेहुणा मिलो ओंडक्यावर बसून कॉफी पीत होता. बापाची रायफल तंबूच्या खांबाला टेकवलेली होती.

"बघा, बघा कोण आलं," मिलो म्हणाला. "डेलमर, बायकोला घेऊन शिकारीला? आता एल्क घाबरूनच मरतील."

"काडतुसांचं काम होतं जरा," डेलमर म्हणाला. "एल्डन, मी दिलेलं खोकं परत हवंय. टोप्यांचा माल खराब निघाला."

"खराब म्हणजे?"

"म्हणजे... खराब. भरवसा नाही."

एल्डननं चमचा पातेल्याच्या काठावर आपटला. "एवढंच ना? मग एवढं चढून कशाला आलास? एखादं नाही उडालं तर दुसरं उडेल. वीस आहेत. मला एक लागतं."

व्हर्नानं डोळे मिटले. खोटं बोलायला जाऊन या गाढवानं म्हाताऱ्याची भीतीच घालवली होती.

"एल्डन," ती पुढे झाली, "टोप्यांचं काही नाही. त्यांत दारू चुकीची पडलीय. लवकर जळणारी, वजन मात्र सावकाश जळणाऱ्या दारूचं. वेन्डेलचा बोल्ट अडकला, टोपी बाहेर आली. तुमच्या रायफलीचा बोल्ट झिजलेला आहे. तो टिकणार नाही, उडून तोंडावर येईल. खोकं द्या."

एल्डननं तिच्याकडे असं बघितलं, जणू खोगीरच बोललं. मग तो डेलमरकडे वळून म्हणाला, "बाईला घाबरवलंस कशाला रे, पोरा?"

"मला कुणी घाबरवलेलं नाही," व्हर्ना म्हणाली.

"हे बघ पोरी, तू चांगल्या मनानं आलीस. बस, कॉफी घे. पण बावीस वर्षं मी डेलमरची काडतुसं वापरतोय. एकदा म्हणून काही झालेलं नाही. हा माणूस दारूत चूक करेल? विचारल्यावर एक दिवस विचार केल्याशिवाय उत्तर देत नाही हा. घाई म्हणून नाही याच्यात."

मिलोनं मान डोलावली. डेलमर बुटानं बर्फ उकरत होता.

"आणि रायफल झिजली म्हणतेस," एल्डन आता जरा तापला, "माझ्या बापाची रायफल आहे ती. तुला काय कळतं त्यातलं? थांब, आत्ता दाखवतो. तो समोरचा ओंडका बघ."

"अरे उद्या हंगाम," मिलो म्हणाला. "आत्ता बार काढलास तर सगळे एल्क कॅनडात जातील."

"जाऊ देत. झिजली म्हणे."

त्यानं खोक्यातून एक काडतूस घेतलं, रायफल उचलली, काडतूस आत सरकवलं आणि बोल्ट पुढे ढकलला. व्हर्नाला त्या बोल्टचा सैल खुळखुळाट ऐकू आला. म्हाताऱ्यानं दस्ता खांद्याला लावला आणि गाल त्यावर टेकवला. तीन पावलांत ती त्याच्यापाशी पोचली आणि तिनं आपला उजवा हात बोल्टवर घट्ट दाबून ठेवला.

"हात काढ, पोरी."

"नाही काढत. उडवायचं तर असंच उडवा. तुमचा डोळा गेला तर माझा हातही जाईल. त्याच हातानं मी शाळेतल्या दीडशे पोरांना जेवायला वाढते, हात कसा गेला तेही त्यांना सांगा." मग मान न वळवता ती म्हणाली, "डेलमर. बोल."

डेलमर बोलला नाही. पातेल्यातले बीन्स बुडबुडत होते. म्हाताऱ्याचं बोट चापाच्या शेजारी होतं, चापावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. व्हर्नाचा हात थंड लोखंडावर होता आणि तिला कळत होतं की हा माणूस अजून विचार करतोय. इथं, आत्ता, तिचा हात बोल्टवर असताना, त्याच्या मनात हसं होण्याचा हिशेब चाललाय. तीस वर्षांत तिला त्याचा इतका संताप आला नव्हता. तिला वाटलं, नको बोलूस. आता बोललास तरी मला त्याचा उपयोग नाही.

"एल्डन, खाली ठेवा," डेलमर म्हणाला. "ती म्हणतेय ते खरं आहे."

"खरं म्हणजे? टोप्या म्हणालास ना आत्ता?"

"खोटं बोललो. दारू चुकली."

एल्डननं रायफल खांद्यावरून उतरवली, तशीच हातात धरून. "तू चुकलास? मग चुकली ती कुठली, आणि बरोबर कुठली? बावीस वर्षं माझ्या रायफलीत काय घालत होतास तू?"

डेलमर एक पाऊल मागे सरकला. त्याची नजर सवयीनं व्हर्नाकडे गेली. व्हर्नानं आपला चेहरा दगडासारखा ठेवला. या वेळी ती त्याला काही पुरवणार नव्हती.

"मला माहीत नाही," डेलमर म्हणाला. "मला कधीच माहीत नव्हतं. सगळी तिनं भरलीत, पहिल्यापासून. ही एवढी खेप माझी."

मिलोनं कॉफीचा मग खाली ठेवला. मग एल्डननं बोल्ट उघडला. काडतूस उडून बर्फात पडलं, ते व्हर्नानं वाकून उचललं. त्यानं खोकं तिच्या हातात दिलं. तिनं तिथंच उभं राहून मोजलं, एकोणीस आणि हातातलं एक. मग खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्या तळहातावर पाच काडतुसं ठेवली.

"ही तुमच्या रायफलीची. मागच्या वर्षीच्या खेपेतली. सावकाश जळणारी दारू, वजन कमी, कारण बोल्ट झिजलाय. हे मी बावीस वर्षांपूर्वी सांगायला सांगितलं होतं. हंगाम संपला की दुरुस्तीला टाका, नाहीतर पुढच्या वर्षी पितळ माझ्या दारात आणू नका."

तिनं 'माझ्या' म्हटलं. ते तिचं तिलाच नवं वाटलं, आणि त्यानंही तिचा राग उतरला नाही.

एल्डन तळहातावरच्या पाच काडतुसांकडे बघत होता. त्यानं टोपी मागे सारली.

"बावीस वर्षं," तो म्हणाला, "दर हंगामाला तुमच्या दारात उभं राहून मी याचे आभार मानले, व्हर्ना."

"माहीत आहे," व्हर्ना म्हणाली. "मी आत बसून तुमचीच भरत असायचे."

तिनं खोकं काखेत घेतलं आणि ओढ्याकाठच्या वाटेला लागली. या वेळी ती पुढे होती. मागून डेलमरची पावलं बर्फात वाजत होती, पण ती थांबली नाही आणि वळलीही नाही.